रस आपण दोघंही प्यायलो होतो

संपत,

माझ्या रक्ताचा निकाल काल आला. तो तुला सांगायचा म्हणून बसलोय, पण लगेच सांगणार नाही. तूही मला लगेच कुठं सांगितलं होतंस?

तू गेल्यापासून वर्कशॉपवर माणसं येतात. खुर्ची ओढून बसतात, चहा घेतात, म्हणतात, "दस्तगीरभाई, तुमचा जोडीदार गेला." मी मान हलवतो. वाईट वाटतंच रे. लेथवर काही नवीन काम आलं की अजून हात फोनकडं जातो, तुला विचारायला. पण सकाळी शटर वर ढकलताना आधी जे मनात येतं ते दुःख नसतं, राग असतो. मेलेल्या माणसावर रागवायची आपल्याकडं पद्धत नाही. तुझ्या दहाव्याला नदीवर सगळे तुझं चांगलं बोलत होते आणि मी लांब गाडीला टेकून उभा होतो. कुणीतरी मला दोन शब्द बोलायला सांगेल, याची भीती वाटत होती.

आपली ओळख झाली ती कराडच्या बाजूच्या एका गुऱ्हाळावर. ऊस गाळायच्या चरकाचं दातेरी चाक फुटलं होतं, ते नवीन करून मी सांगलीहून घेऊन आलो होतो. तू तिथला गुळव्या. उकळत्या काहिलीच्या कडेला उभा राहून, कुणाशी न बोलता, नुसता फेसाकडं बघत होतास. चाक बसवून झाल्यावर मी विचारलं, गूळ झाला हे तुला कळतं कसं? तू काहिलीतला पाक पाण्यात सोडलास, त्याची गोळी वळलीस आणि पत्र्यावर फेकलीस. टण्‌ असा आवाज आला.

"ह्यो आवाज आला की उतरायची," म्हणालास. आणि ती गोळी उचलून मला खायला दिलीस.

तुझं गाव कोरेगाव तालुक्यात, माझं शॉप सांगलीत. पुढं आपण दोघांनी मिळून गुऱ्हाळं उभी करायला सुरुवात केली. लोखंड माझं, चूल आणि काहील तुझी. लोक आपल्याला एकत्रच बोलवायचे. मी एकटा गेलो तर विचारायचे, संपत कुठाय?

म्हणून तर पुण्याचा तो कंत्राटदार आला तेव्हा त्याला दोघंच्या दोघं हवे होतो. बोलिव्हियात ऊस लय पिकतो, तिथले लोक गुळासारखंच काहीतरी करतात, त्यांना आपल्यासारखं गुऱ्हाळ उभं करून हवंय, म्हणाला. मी देश नकाशात शोधला. माझे अब्बा नाही म्हणाले. एवढ्या लांब, भाषा येत नाही, खाणं-पिणं माहीत नाही. तू एसटीनं सांगलीला आलास आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसलास.

"चाचा, मी हाय न्हवं बरोबर. ह्याला नेतो तसा आणतो."

अब्बांनी तुझ्या शब्दावर मला सोडलं. मीही तुझ्याच शब्दावर गेलो.

तिथले ते दिवस मी आता कुणाला सांगत नाही, कारण सांगताना तू चांगलाच निघतोस. मातीच्या भिंतींची, गवतानं शाकारलेली घरं. आपल्याला दिलेली खोलीही तसलीच. शेडमध्ये ऊस रचलेला. पहिल्यांदा चरक फिरला तेव्हा तिथली माणसं टाळ्या वाजवत होती आणि तू तांब्या भरून रस घेऊन माझ्याकडं आलास. "पी गड्या, तुझ्या चाकाचा रस हाय." मी अर्धा प्यायलो, उरलेला तू. मग रोजचंच झालं. तिथला मुकादम हातवारे करून काहीतरी सांगायचा, ऊस झटकून दाखवायचा. आपल्याला वाटायचं, माती झटका म्हणतोय.

काही आठवड्यांनी आपण दोघंही तापानं आडवे झालो. माझा ताप लवकर उतरला. तुझा एक डोळा सुजून मिटला, पाय सुजले. तिथल्या दवाखान्यात तापाच्या गोळ्या दिल्या, तुला बरं वाटलं, आपण विसरलो.

त्याच खेपेला अब्बा गेले. मला परत येणं जमण्यासारखं नव्हतं. त्या दिवशी मी खोलीत नमाज पढत होतो तर तू डोक्याला टॉवेल गुंडाळून माझ्या मागं बसून राहिलास. तुला काहीच म्हणता येत नव्हतं, नुसता बसलास. मी सलाम फेरून मागं वळलो तर तू रडत होतास. संपत, असा माणूस पुढं माझ्याशी असं वागेल, हे मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

दुसऱ्या खेपेला तू एकटा गेलास. माझ्या घरात बाळंतपण होतं म्हणून मी थांबलो. परत आलास ते सरळ माझ्याकडं. माझी थोरली नुकतीच झाली होती. तुझ्या हातांची सालं निघत होती, मानेवर लाल चट्टे होते. मी विचारलं, हे काय? "ऊन लय हाय तिकडं," म्हणालास. मी बर्फीचा तुकडा तुझ्या तोंडात घातला. तू चावत बसलास, लय वेळ. मला वाटलं, प्रवासानं दमलाय.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी वहिनींचं पिशवीचं ऑपरेशन निघालं. साताऱ्याला. रक्त लागेल म्हणून सांगितलं होतं. वहिनींचा आणि माझा गट एकच, हे तुला माहीत होतं. मी सकाळीच सांगलीहून निघालो, दवाखान्याच्या व्हरांड्यात पोचलो, बाही वर केली आणि म्हणालो, चल, कुठं द्यायचं?

"नको," म्हणालास.

"नको म्हणजे?"

"नको. झालीय सोय."

सोय झाली नव्हती. तुझा पुतण्या अजून गावाहून यायचा होता, त्याची वाट बघत होतात. तुझा चुलता तिथंच बाकावर बसला होता. तो म्हणाला, "बरं केलंस. उगं कशाला आपल्या माणसात त्यांचं रक्त." मला ऐकू जाईल असं म्हणाला. मी तुझ्याकडं बघितलं. तू खाली मान घालून चपलेचा अंगठा नीट करत होतास.

मी बाही खाली केली. वहिनींना न भेटता परत फिरलो. पेठ नाक्यापर्यंत मला रस्ता दिसत नव्हता. माझ्या बापाच्या नमाजाला मागं बसलेला माणूस तो हाच का, एवढंच डोक्यात.

कित्येक महिने मी तुझ्याकडं फिरकलो नाही. शेवटी वहिनीच आल्या सांगलीला, पिशवीत घेवडा घेऊन. माझ्या घरात स्वयंपाकघरात जाऊन बसल्या, माझ्या बायकोच्या ताटात जेवल्या. जाताना मला म्हणाल्या, "भावजी, त्यांच्याकडं बघू नगा. माझ्याकडं बघा." मग मी परत तुझ्याबरोबर काम सुरू केलं. पण आधीसारखं झालं नाही, हे तुलाही माहीत होतं. कामापुरतं बोलायचो. तुझ्या घरी आलो तर पाणी मागताना आधी विचार करायचो. आणि मी माझ्या डोक्यात एक ठरवून टाकलं होतं, की माझं रक्त तुला नको असेल तर मी ते जगाला देईन. खरंच तसं ठरवलं होतं. आमच्या गल्लीतल्या मंडळाचं शिबिर, शिवजयंतीचं, उरुसातलं, पुराच्या साली तर विचारायलाच नको. जिथं कापडी पलंग दिसेल तिथं मी झोपायचो. तू कधीच दिलं नाहीस. "सुई बघितली की मला घेरी येती," म्हणायचास, आणि पोरं हसायची.

पुराच्या वेळचं आठवतं? शाळेत शिबिर होतं. मी रांगेत उभा होतो आणि तू येऊन माझा दंड धरलास. "आज नको देऊ. सकाळपासनं उपाशी हाईस. चक्कर येईल." मी म्हटलं, वडापाव खाल्लाय. तू सोडेनास. "नको म्हणतो न्हवं." मी हिसका देऊन हात सोडवला. तुला म्हणालो, "इथं तुझी बायको नाही, संपत. इथं चालतं माझं." तू बाजूला झालास. बाहेर पायरीवर बसून राहिलास. मी बिस्किटाचा पुडा घेऊन बाहेर आलो, तुला दोन दिली, तू खिशात ठेवलीस. मला वाटलं, लाज वाटली गड्याला.

मग हा उन्हाळा. पाचगणीला एका जॅमवाल्याची स्ट्रॉबेरी शिजवायची कढई बसवायची होती. तू हसलास, "लाल गूळ हाय ह्यो." आधीच दोन-तीन महिने तुला दम लागत होता, चढ आला की थांबायचास आणि लांबचा डोंगर बघत असल्यासारखं करायचास. त्या दिवशी कढईची उंची मोजायला दोन पायऱ्या चढलास आणि तसाच मागं कोसळलास. मी तुला गाडीत घालून घाट उतरलो. साताऱ्यात ईसीजीची पट्टी काढली, म्हणाले, ठोके फार कमी आहेत, मोठ्या ठिकाणी न्या. मी तुला सांगलीला आणलं, माझ्या घराजवळच्या दवाखान्यात. वहिनी मागून आल्या.

हृदयाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कमी बोलायच्या. दुसऱ्या दिवशी त्या पडदा सरकवून आत आल्या तेव्हा मी तुझ्या पलंगाशी स्टुलावर होतो. वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. बाई म्हणाल्या, हृदय वाढलंय, आतली विजेची वाट एका बाजूनं बंद आहे, आणि खालचं टोक पातळ होऊन फुग्यासारखं पुढं आलंय. असं टोक मी पुस्तकात बघितलंय, पेशंटमध्ये पहिल्यांदा बघतेय. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कधी दक्षिण अमेरिकेत होता का?"

तू उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडं बघितलंस.

संपत, त्या बघण्यातच मला निम्मं कळलं. काय ते नाही कळलं, पण तू काहीतरी लपवलंयस आणि ते माझ्याशी लागून आहे, एवढं कळलं.

"व्हय मॅडम," तू म्हणालास. "मला ठावं हाय. तितंच रक्तात सापडलं हुतं."

"औषध घेतलं होतं?"

"घेतलं. दोन महिनं. त्यानंच हाताची सालं निघाली हुती."

बाई खुर्चीत बसल्या. त्यांनी सगळं समजावून सांगितलं, आणि आता मला वाटतं, त्या दिवशी तुझ्यापेक्षा मीच ते जास्त ऐकलं. तिकडं मातीच्या भिंतीत, गवताच्या छपरात एक किडा राहतो. त्याच्या विष्ठेत एक बारीक परजीवी जंतू असतो. किडा चावल्यावर जखमेतून तो अंगात जातो, नाहीतर उसाबरोबर किडा चरकात चिरडला गेला तर रसातून. सुरुवातीला ताप येतो, सूज येते, जाते. मग वर्षानुवर्षं काही नाही. आणि मग पुष्कळांना काहीच होत नाही, पण काहींचं हृदय जायला लागतं.

"पण गोळ्या घेतल्यात की ह्यानं," मी म्हणालो.

बाई म्हणाल्या, "गोळ्यांनी जंतू मरतात, सगळे मरतातच असं नाही. पण प्रश्न तेवढाच नाही. शरीर या जंतूशी लढायला पेशी तयार करतं. या जंतूचे काही भाग आणि हृदयाच्या स्नायूचे काही भाग दिसायला सारखे असतात. जंतूला ओळखायला शिकलेल्या पेशी मग हृदयालाच शत्रू समजतात आणि त्यावर हल्ला करत राहतात. जंतू अगदी थोडे उरले तरी. नुकसान किती जंतूंचं आणि किती शरीरानं स्वतःच केलेलं, यावर अजून एकमत नाही. पण दोन्ही होतं."

तू छताकडं बघत म्हणालास, "म्हंजे माझंच माणूस मला मारतंय."

"तसं म्हणा," बाई म्हणाल्या.

त्या गेल्या. मी स्टुलावरून उठलो नाही.

"कवा कळलं तुला?"

"दुसऱ्या खेपेला. एका पोराचा हात चरकात गेला. रक्त पायजे हुतं. माझं तपासलं आन म्हणाले, तुझं चालत न्हाई."

"आणि गोळ्या दिल्या."

"व्हय."

"आणि माझं काय, संपत? मी काय वेगळ्या तांब्यातनं प्यायलो होतो?"

तू चादरीची कड ओढून सरळ केलीस. मग म्हणालास, "सांगायलाच आलतो. त्याच दिवशी. तुझी पोरगी झालती. तू बर्फी घातलीस तोंडात."

"मग दुसऱ्या दिवशी सांगायचं."

"दुसऱ्या दिवशी आनखी अवघड झालं. मग रोज अवघड होत गेलं. चाचांना सांगून नेलं हुतं तुला. रस म्या पाजला हुता."

मी बाहेर आलो. जिन्यात वहिनी भेटल्या, औषधाची पिशवी घेऊन वर येत होत्या. "काय म्हणल्या बाई?" मी म्हटलं, "तोच सांगेल." आणि उतरलो.

रागाच्याही पायऱ्या असतात, हे मला त्या दिवशी कळलं. आधी वाटलं, ह्यानं औषध घेतलं आणि मला तसंच ठेवलं. तरुण होतो तेव्हा गोळ्या घेतल्या असत्या तर उपयोग जास्त झाला असता, हे बाईंनीच सांगितलं होतं. मग घरी जेवायला बसलो आणि घास हातातच राहिला. शिबिरं आठवली. इकडं रक्तपेढीत या जंतूची तपासणी करत नाहीत, कारण तो इकडं नाहीच. मी इतकी वर्षं कुणाकुणाला रक्त दिलं होतं? बाळंतिणींना, अपघातातल्या पोरांना. त्यांची नावं मला माहीत नाहीत. आणि मग, सगळ्यात शेवटी, साताऱ्याचा तो व्हरांडा आठवला आणि मी ताटावरून उठलो.

दुसऱ्या दिवशी परत आलो. तू उशीला टेकून बसला होतास.

"वहिनींच्या ऑपरेशनला माझं रक्त नको म्हणालास."

"व्हय."

"ते ह्याच्यामुळं."

"व्हय."

"तुझा चुलता काय बोलला ते ऐकलंस?"

"आयकलं."

"मला काय वाटलं असेल, ठावं होतं तुला?"

तू माझ्याकडं बघितलंस. यावेळी नजर चुकवली नाहीस. "ठावं हुतं. म्हटलं, वाटू दे. तसं वाटलं तर तू रागावशील, पर कारण इचारणार न्हाईस."

संपत, तुला माहीत आहे का, या एका वाक्यानं तू काय केलंस? माझ्यासारख्या माणसाला आयुष्यात ते कारण कुणीही, कुठंही देतं. घर भाड्यानं मागताना, पोरीला शाळेत घालताना. ते कारण मला पाठ आहे आणि ते मी विचारत नाही. तुला हे माहीत होतं, कारण तू माझ्याबरोबर त्या दारांत उभा राहिला होतास. आणि तू तेच वापरलंस. तुझ्या मनात तसलं काही नसताना.

"आणि शिबिरात?" मी म्हटलं. "बायकोला माझं रक्त चालत नाही, आणि लोकांना चालतं?"

"तितं तुला धरलंतं मी."

"धरलंस. सांगितलं नाहीस."

तू काहीतरी बोलणार होतास. ओठ हलले. तेवढ्यात नर्स आली, तुला ठोके सांभाळणारं मशीन बसवायला न्यायची तयारी सुरू झाली. त्या विषयावरचं आपलं शेवटचं बोलणं ते. मशीन बसलं, ठोके नीट झाले, तुला घरी सोडलं. पंधरा दिवसांनी परत दाखवायला बोलावलं होतं. मी गाडीत बसवायला आलो होतो, पण आपण दोघंही दुसऱ्याच गोष्टी बोललो, पट्टा नीट लाव, उन्हात जाऊ नको. मनात होतं, दाखवायला येईल तेव्हा नीट बोलू. मला भांडायचं होतं, संपत. चांगलं शिव्या घालून भांडायचं होतं, आणि मग बहुतेक मी तुला चहा पाजला असता.

तू दाखवायला आलाच नाहीस. जेवून हात धुवायला अंगणात गेलास आणि खांबाला धरून खाली बसलास, असं वहिनी सांगतात. बाई म्हणाल्या, मशीन ठोके कमी पडू देत नाही, पण हृदय एकदम भरकटलं तर त्याला थांबवता येत नाही.

तुझा दहावा झाल्यावर मी बाईंकडं गेलो आणि म्हणालो, माझं रक्त तपासा. ही तपासणी इथं कुठंच होत नव्हती. त्यांनी चार ठिकाणी विचारलं, शेवटी नमुना परदेशात पाठवला. मधले दिवस मी कसे काढले ते सांगत नाही. पट्टी काढली, छातीचा फोटो काढला, हृदय ठीक दिसतं म्हणाल्या, पण रक्ताचं कळल्याशिवाय काही खरं नाही. मंडळाची पोरं शिबिराला बोलवायला आली, मी आजारी आहे म्हणालो. म्हणताना मला तुझी सुई आणि घेरी आठवली. तुझ्यासारखंच बोलायला लागलो होतो मी.

काल फोन आला. दोन वेगवेगळ्या पद्धतींनी तपासलंय. माझ्या रक्तात काही नाही. नुसतं आता नाही असं नव्हे, तो जंतू माझ्या अंगात कधी शिरल्याचीच खूण नाही.

मी विचारलं, "पण बाई, आम्ही एकाच तांब्यातनं रोज प्यायचो."

त्या म्हणाल्या, "एकाच रसातूनही सगळ्यांना होतंच असं नाही. आणि कदाचित त्यांना रसातून झालंच नसेल. डोळा सुजला होता म्हणालात ना? तसं किडा चेहऱ्याजवळ चावल्यावर होतं. झोपेत चावला असेल, भिंतीतला."

म्हणजे तो रस कदाचित नुसता रसच होता. तू मला काही पाजलं नव्हतंस. त्या दिवशी बर्फी चावताना एकदा बोलला असतास तर तेव्हाच माझं रक्त तिकडं पाठवून हे कळलं असतं. मी साताऱ्याला वहिनींना रक्त दिलं असतं. तुझ्या चुलत्याला तू गप्प केलं असतंस. आपण ही सगळी वर्षं पहिल्यासारखी काढली असती. माझं रक्त साफ निघालं म्हणून तू सुटलास असं समजू नकोस. उलट आता तर मला धरायलाही काही उरलं नाही. मी आजारी असतो तर तुझ्यावरचा राग निदान कशावर तरी टेकला असता.

आज सकाळी कोरेगावला तुझ्या घरी गेलो. वहिनी एकट्या होत्या, जोंधळे निवडत बसल्या होत्या. तू त्यांना आजाराचं सांगितलं होतंस, पण तांब्याचं नाही, रक्ताचं नाही. त्यांनीच विषय काढला.

"भावजी, दहाव्याला तुमी लांब का हुबा हुता?"

मी सगळं सांगितलं. रस, गोळ्या, शिबिर, साताऱ्याचा व्हरांडा, काल आलेला निकाल. त्यांचे हात सुपात थांबले.

"म्हंजे त्या वक्ताला," त्या हळू म्हणाल्या, "तुमचं रक्त नको म्हणाले ते जात बघून न्हवं?"

"न्हाई, वहिनी."

त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "मी ह्या माणसाला मनातनं उतरवलं हुतं, भावजी. त्याच दिसापासनं. वरनं संसार केला, पर आतनं उतरला हुता. कवा बोलून दावलं न्हाई. त्यांना कळत असंल का?"

"कळत असणार."

"आन तरी गप बसले?"

"तरी गप बसला."

"मग कसला माणूस म्हणायचा ह्यो?"

मला पुष्कळ म्हणायचं होतं. महिनाभर मनात तुला जे जे बोललो होतो ते सगळं ओठांवर होतं. पण समोर त्या होत्या.

"भित्रा होता, वहिनी," मी म्हणालो. "तुम्हाला वाटलं तसला नव्हता. भित्रा होता."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. सूप बाजूला सरकवलं. मग माझ्याकडं बघून विचारलं, "आता मी कुणाची माफी मागू?"

तू त्यांची मागायची होतीस, की त्यांनी तुझी मागायची, हेच मला कळेना. याचं उत्तर द्यायला तू पाहिजे होतास, संपत. त्या ओसरीवर, आमच्या दोघांच्या समोर, तोंड उघडून.